लाकडाचा सांता कोरताना: पहिला ठोकळा आणि मोडलेलं नाक

पहिल्यांदा सांता कोरणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती चुकीची. मातीत चूक झाली तर माती परत थापता येते, कागदावर झाली तर खोडता येते. लाकडावरून निघालेली ढलपी मात्र परत बसत नाही. हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. ढलपी निघाली तिच्या मागेही लाकूडच असतं. नाक मोडलं तर त्याच्या मागे दुसरं नाक असतं, फक्त त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गाल, मिशी आणि टोपी तेवढीच आत न्यावी लागते. म्हणून या लेखात कसं कोरायचं हे सांगताना मी सारखं एकाच गोष्टीकडे वळणार आहे: कुठे किती लाकूड राखून ठेवायचं. राखलेलं लाकूड असेल तर बहुतेक चुका दुरुस्त होतात.

कोणता सांता निवडायचा

आज डोळ्यांसमोर येणारा लठ्ठ, लाल कोटातला, रुंद पट्टा बांधलेला सांता बराचसा दोन चित्रकारांच्या हातून घडला. थॉमस नास्ट यांनी १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त त्याची चित्रं काढली आणि १९३१ पासून हॅडन संडब्लॉम यांनी कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी त्याला तो गुबगुबीत, हसरा चेहरा दिला. हा सांता रंगवायला छान, पण पहिल्या ठोकळ्यासाठी अवघड. दोन हात, दोन पाय, बूट, पट्ट्याचं बक्कल, पोटाची गोलाई, सगळं एकदम सांभाळावं लागतं.

त्याच्या आधीचा, संत निकोलसच्या जवळचा सांता नवख्यासाठी कितीतरी सोपा. पायघोळ अंगरखा, लांब दाढी, उंच टोपी. पाय अंगरख्याखाली झाकलेले, हात बाह्यांमध्ये खुपसलेले. कोरायचा असतो तो फक्त चेहरा आणि दाढी, बाकी सगळं साधे सपाट काप. अंगरखा लालच हवा असंही नाही. जुन्या चित्रांत तो हिरवा, निळा, तपकिरी असा सगळ्या रंगांत दिसतो. पहिला सांता असाच करा, असं मी आग्रहाने सांगेन.

लाकूड

लिंडनचं लाकूड मिळालं तर दुसरं शोधू नका. अमेरिकेत मिळणारं बासवुड आणि इंग्लंडमध्ये ज्याला लाइमवुड म्हणतात ते, दोन्ही याच कुळातल्या झाडांचं लाकूड. (या लाइमचा लिंबाशी काही संबंध नाही.) मऊ, फिकट आणि मुख्य म्हणजे एकसारखं. सुरी एका जागी सहज जाते आणि पुढच्याच मिलिमीटरला अडकते, असं यात होत नाही. सोळाव्या शतकाच्या आसपास जर्मनीत टिलमन रिमेनश्नायडर यांनी आणि पुढे इंग्लंडमध्ये ग्रिनलिंग गिबन्स यांनी आपलं अतिशय नाजूक कोरीव काम याच लाकडात केलं. पाइन मऊ असलं तरी त्यात एक थर मऊ, एक थर कठीण अशी वलयं असतात. सुरी उडी मारते. बाल्सा इतकं मऊ की कापण्याऐवजी दबतं आणि चुरा होतं.

ठोकळा ३८ मिमी चौरस आणि १५० मिमी उंच घ्या. तंतू उंचीच्या दिशेने, म्हणजे वरून खाली जाणारे हवेत. गाठ नको. टोकांना बारीक चिरा दिसल्या तर तेवढा भाग कापून टाका, त्या पुढे वाढतात. सांता १२५ मिमीचाच करायचा आहे. खालचे २५ मिमी अगदी शेवटपर्यंत तसेच ठेवायचे, धरायला मूठ म्हणून. राखलेल्या लाकडाची ही पहिली जागा.

हत्यारं, आणि धार

सुमारे ४ सेंमी पात्याची सरळ धारेची एक कोरीव कामाची सुरी, ६ मिमीची एक व्ही-पटाशी, जमलं तर तेवढ्याच मापाची एक गोल पटाशी. लाकूड धरायच्या हाताला न कापलं जाणारं विणलेलं हातमोजं, सुरीच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी किंवा जाड पट्टी. आणि पॉलिशची पेस्ट चोळलेला चामड्याचा पट्टा. दहा-बारा हत्यारांचा संच सुरुवातीला घेऊ नका. त्यापेक्षा एकच चांगली सुरी घ्या.

धारेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवख्याला ज्या चुका हाताच्या वाटतात त्यांतल्या कितीतरी खरं तर धारेच्या असतात. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ताबा सुटतो आणि ताबा सुटला की नाक जातं किंवा बोट. धार तपासायची सोपी रीत अशी: लिंडनच्या एखाद्या तुकड्याचा कोपरा तंतूंना आडवा कापा आणि कापलेली जागा उजेडाकडे धरा. ती गुळगुळीत, किंचित चमकणारी दिसली तर धार ठीक. पांढरट, कुसळ उठलेली दिसली तर बोथट. गुळगुळीत जागेवर एकच पांढरी बारीक रेघ उमटली, तर पात्याला तेवढ्या ठिकाणी दात पडलाय.

दर अर्ध्या तासाने सुरी चामड्यावर ओढायची. पातं जवळजवळ आडवं टेकवा, धार मागे आणि पाठ पुढे ठेवून ओढा, एका बाजूने पंधरा-वीस वेळा, मग तेवढंच दुसऱ्या बाजूने. एक चूक इथे सगळे करतात: पट्ट्याच्या टोकाशी पोहोचल्यावर मनगट वळवून सुरी उचलतात. त्या वळण्यात धार गोल होते आणि मग ‘इतकी धार लावूनही कापत नाही’ अशी तक्रार सुरू होते. टोकाला आधी थांबायचं, मग सुरी सरळ वर उचलायची.

हात कसे ठेवायचे

दोन पकडी पुरतात. एकीत सुरी स्वतःपासून लांब जाते, पण ती ढकलतो लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा. पात्याच्या पाठीवर तो अंगठा टेकवायचा आणि दरवाजा ढकलावा तसं हळू रेटायचं. सुरीचा हात फक्त कोन सांभाळतो. दुसरीत सुरीच्या हाताचा अंगठा लाकडावर टेकतो आणि बाकीची बोटं मिटत सुरी जवळ ओढतात, फळाची साल काढताना करतो तसं. यात अंगठा नेहमी कापाच्या रेषेच्या खाली असायला हवा, म्हणून त्यावर चामड्याची टोपी.

मांडीवर ठोकळा ठेवून कधीही कोरू नका. मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. पुढे वाकून, कोपर मांडीवर टेकवून, हात दोन गुडघ्यांच्या पुढे ठेवून बसा, नाहीतर टेबलापाशी बसा. आणि हातमोजं धारेपासून वाचवतं, टोकापासून नाही. सुरीचं टोक त्याच्या विणीतून आत जाऊ शकतं.

तंतूंची दिशा समजायला सगळ्यात सोपा नियम: उंचावरून उताराकडे कापा. टोपी टोकाकडे निमुळती करायची असेल तर रुंद भागाकडून टोकाकडे. उलट, टोकाकडून रुंद भागाकडे गेलात तर सुरी तंतूंच्या मध्ये शिरते आणि लाकूड तुमच्या मनाविरुद्ध पुढे फाटत जातं. सुरी आपोआप खोल ओढली जातेय असं वाटलं की त्याच क्षणी थांबा आणि समोरच्या बाजूने या. काही दिवसांत हात हे स्वतःच ओळखायला लागतो.

आखणी: चेहरा कोपऱ्यावर

चेहरा ठोकळ्याच्या सपाट बाजूवर काढायचा मोह होतो, कारण तिथे पेन्सिलने चित्र छान काढता येतं. पण सपाट बाजूवर कोरलेला चेहरा सपाटच राहतो. ठोकळा फिरवून एक कोपरा आपल्यासमोर आणा. त्या कोपऱ्याची कड म्हणजे नाकाची रेषा. गाल दोन्ही बाजूंनी मागे उतरतातच, ते काम लाकडाने आधीच केलेलं असतं.

वरून मोजत चारही बाजूंनी पेन्सिलने रेघा मारा. ४० मिमीपर्यंत टोपी. ४० ते ५० टोपीची लोकरी कड. ६४ वर नाकाचा खालचा काठ. १०० वर दाढीचं टोक. १२५ ला अंगरख्याचा तळ, त्याखाली मूठ. मूठ म्हणून ठेवलेल्या भागावर फुली मारून ठेवा, भरात तो कापला जातो.

आता मागचा आणि बाजूचे दोन, असे तीन कोपरे खालपर्यंत गोलसर करा. समोरच्या कोपऱ्याला दाढीपर्यंत हात लावू नका. टोपी चारही बाजूंनी थोडी निमुळती करा, पण फार नाही. टोक बोटाएवढं जाड असू द्या. टोपीचं टोक सगळं झाल्यावर बारीक करायचं. आधी केलं तर पुढच्या दहा तासांत ते कुठेतरी आपटून मोडतंच. वळून बाजूला लोंबणारं टोक हवं असेल तर ते खांद्याला किंवा पाठीला टेकलेलं ठेवा. हवेत मोकळं लोंबणाऱ्या टोकात तंतू आडवे आणि तोकडे पडतात, बोटाच्या धक्क्यानेही तुटतात.

चेहऱ्याचे काप, एकामागून एक

आधी ‘स्टॉप कट’ समजून घ्या, कारण सगळा चेहरा त्याच्यावर उभा आहे. ढलपी जिथे थांबायला हवी तिथे आधी एक काप आत घ्यायचा, मग दुसरीकडून त्या कापापर्यंत तिरकं कापत यायचं. सुरी त्या कापाशी आली की ढलपी आपोआप सुटते. सुटली नाही, तर पहिला काप कमी खोल आहे. अशा वेळी पहिला काप पुन्हा घ्या. ढलपी उचकटू नका. हे वाक्य मी पुढे परत लिहिणार आहे.

कडेच्या वर आणि खाली, म्हणजे ४० आणि ५० च्या रेघांवर, सगळीकडून स्टॉप कट घ्या. टोपी वरून खाली कडेपर्यंत आणि चेहरा खालून वर कडेपर्यंत कापत साधारण ३ मिमी आत न्या. कड उठून दिसायला लागते.

मग डोळ्यांची रेषा. कडेच्या लगेच खाली समोरच्या कोपऱ्यावर खाच घ्यायची: कडेखालून आत जाणारा एक काप आणि नाकाच्या शेंड्याकडून वर तिरका येणारा दुसरा. ही खाच ५ ते ६ मिमी खोल हवी. नवखे हमखास २ मिमीवर थांबतात, भीतीने. बाजूने पाहा: नाकाचा वरचा भाग आत गेलेला आणि शेंडा सगळ्यात पुढे आलेला दिसायला हवा. तसं दिसत नसेल तर अजून खोल जा. चेहरा सपाट राहणं ही नवख्याची सगळ्यात मोठी चूक. मात्र ती दुरुस्त करणं सगळ्यात सोपं, कारण लाकूड अजून जागेवरच असतं.

आता ६४ च्या रेघेवर, नाकाखाली, आडवा स्टॉप कट. हा काप तंतूंना आडवा जातो, म्हणून एकाच दमात खोल घेऊ नका; हलक्या हाताने तीनदा. मग खालून, मिशीकडून वर कापत या आणि नाकाखालचं लाकूड काढा. पुन्हा काप, पुन्हा ढलपी, असं ३ ते ४ मिमी आत जाईपर्यंत. मग नाकाच्या दोन्ही बाजूंनी वरून नाकपुडीकडे फाकत जाणारे दोन काप, आणि त्या कापांकडे गालावरचं लाकूड उतरवत डोळ्यांचे खळगे. गोल पटाशी असेल तर हे खळगे तिने फार सुंदर होतात.

नाकाखालची ढलपी

माझ्या पहिल्या सांताचं नाक मी याच टप्प्यावर गमावलं. नाकाखालची शेवटची ढलपी, तांदळाच्या दाण्याएवढी, एका टोकाला चिकटून राहिली होती. मी सुरीचं टोक तिच्याखाली घातलं आणि मनगट जरासं फिरवलं. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. ढलपी तशीच होती, नाक नव्हतं. ते टेबलाखाली कुठेतरी गेलं, आणि मी गुडघ्यांवर बसून अर्धा तास भुशात शोधत होतो. जिथे नाक होतं तिथे एक स्वच्छ, गुळगुळीत, फिकट पट्टी उरली होती, जणू कोणी रंध्याने तासून दिली असावी.

ती पट्टी गुळगुळीत का होती हे नंतर कळलं. तंतू वरून खाली जातात. नाकाच्या वर खाच आणि खाली काप, म्हणजे नाकातले तंतू दोन्ही टोकांना तुटलेले, जेमतेम १२ मिमी लांब. मागच्या लाकडाला ते फक्त शेजारच्या तंतूंच्या चिकटण्यावर धरून असतात. आडवं कापायला लाकूड चिवट असतं, पण उभं फाडायला फार थोडा जोर लागतो, आणि मनगट फिरवणं म्हणजे तोच जोर. म्हणून परत सांगतो: ढलपी उचकटू नका. काप पुन्हा घ्या.

तरी तुटलंच, तर दोन वाटा आहेत.

तुकडा सापडला तर त्याला बोटं कमीत कमी लावा आणि कोरडाच जागेवर बसवून पाहा. तंतूंवर फुटलेला तुकडा इतका नेमका बसतो की फट दिसत नाही. टाचणीच्या टोकाने लाकडाचा पांढरा गोंद अगदी थोडा लावा, तुकडा दाबा, बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने लगेच पुसा आणि चिकटपट्टीने बांधून रात्रभर ठेवा. झटपट चिकटणारा सुपरग्लूही चालतो, पण तो लाकडात झिरपतो आणि झिरपलेल्या जागी पातळ रंग चढत नाही, डाग राहतो. गोंद वाळल्यावर ते नाक पुन्हा कोरायला घेऊ शकता; चांगला जोड आजूबाजूच्या लाकडाइतकाच मजबूत असतो.

तुकडा सापडला नाही तर आत जायचं, आणि इथे कोपऱ्यावर चेहरा घेतल्याचा खरा फायदा दिसतो. काटकोनी कोपरा ३ मिमी तासला की तिथे ६ मिमी रुंदीची सपाट पट्टी तयार होते, खोलीच्या दुप्पट. म्हणजे मोडलेल्या नाकाच्या जागी रुंद, बसक्या नाकाला लागते तेवढी जागा आपोआप मिळते. सांताला धारदार नाकापेक्षा असं नाकच शोभतं. तेवढ्याच मापाने डोळ्यांची खाच, मिशीची जागा आणि गाल आत न्या. टोपीची कडही समोरून थोडी उतरवा. नाहीतर चेहरा मागे आणि टोपी पुढे, असा तो मोठ्या भावाची टोपी घातल्यासारखा दिसतो. माझ्या त्या सांताचं नाक असंच दुसऱ्यांदा झालं. आजही ते माझ्या आवडत्या नाकांपैकी एक आहे, आणि तेव्हापासून मी नाकासाठी कोपरा मुद्दाम थोडा तासूनच घेतो.

मिशी, दाढी आणि डोळे

नाकपुड्यांपासून खाली आणि बाहेर जाणाऱ्या दोन रेषा काढा, कंस उघडावा तशा. या रेषांवर स्टॉप कट घेऊन गालाच्या बाजूने नव्हे, मिशीच्या बाजूने लाकूड उतरवा. गाल फुगीर राहतात आणि चेहरा हसायला लागतो. मिशीखाली दाढी आणखी एक पायरी आत. मधे छोटासा खालचा ओठ दाखवायचा असेल तर गोल पटाशीचा एक काप पुरतो.

दाढीच्या रेघा व्ही-पटाशीने. सगळ्यात वाईट दिसते ती कंगव्यासारखी सरळ, एकसारखी रेघांची दाढी. आधी चार-पाच मोठ्या लाटा पेन्सिलने आखा, लांब ‘एस’सारख्या, काही दुसरीखाली शिरणाऱ्या. त्या खोल कोरा, मग मधल्या जागा बारीक रेघांनी भरा. तिरकी रेघ कोरताना तिची एक भिंत गुळगुळीत आणि दुसरी फाटलेली निघते. तंतू तिरके कापले जाताना एक बाजू उताराला आणि दुसरी चढाला पडते, म्हणून असं होतं. फाटणारी बाजू उलट दिशेने हलका हात फिरवून साफ करा.

डोळे सगळ्यात शेवटी. उजव्या हाताने कोरणाऱ्याला एक डोळा सोपा जातो, एक अडचणीचा. डाव्या हाताच्याला उलट. अवघड डोळा आधी कोरा. मग सोपा डोळा त्याच्याशी जुळवून घेता येतो. दोन्ही डोळे पेन्सिलने आखल्याशिवाय एकालाही सुरी लावू नका. बदामाचा आकार, वरची आणि खालची पापणी म्हणून हलके स्टॉप कट, दोन्ही कोपऱ्यांतून सुरीच्या टोकाने एकेक इवलासा त्रिकोण काढायचा, की मधलं बुबुळ गोल दिसायला लागतं. बुबुळाची ढलपी उडाली तर घाबरू नका. तो भाग सपाट करून तिथे वर वळलेला एकच काप घ्या, दुसऱ्या डोळ्यालाही तसाच. हसताना मिटलेले डोळे तयार. पहिल्या सांताला मी तर हेच डोळे सुचवेन.

इतर चुका

चेहरा वाकडा वाटतो पण नेमकं काय वाकडं ते कळत नाही, तेव्हा सांता उलटा धरा किंवा आरशात पाहा. ओळखीचा चेहरा पाहायची सवय लागलेल्या डोळ्याला उलट्या चेहऱ्यातला फरक लगेच दिसतो. दुरुस्ती नेहमी मोठ्या बाजूवर करा. छोटा गाल मोठा करता येत नाही, मोठा लहान करता येतो.

स्टॉप कट गरजेपेक्षा खोल गेला तर रंग त्यात शिरतो आणि काळी रेघ दिसते. शेजारचं लाकूड त्या खोलीपर्यंत उतरवता आलं तर उत्तम. नाही आलं तर त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरा. या भरावावर पातळ रंग धरत नाही, म्हणून तिथे जरा घट्ट रंग लावायचा, आणि रंग न लावता फक्त तेल देणार असाल तर हा उपाय विसरा. भराव डागासारखा दिसेल.

दाढीतून खाली लांब चीर गेली तर ती दुरुस्त करायची गरजच नाही. तिला केसांमधली सगळ्यात खोल रेघ करा.

लाकूड जुनं, कोरडं असेल आणि धार चांगली असूनही कुसळं उठत असतील तर रबिंग अल्कोहोल (जंतुनाशक म्हणून वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून त्या जागेवर फवारा. तंतू नरम होतात आणि काप स्वच्छ निघतो. हे आगीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून.

बोट कापलं आणि लाकडावर रक्त पडलं तर आधी बोट बघा. मग डाग वाळायच्या आत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने टिपा, बहुतेक निघतो. वाळलेला डाग तासूनच काढावा लागतो.

पॉलिश पेपर मात्र चेहऱ्याला लावू नका. सुरीचे सपाट काप उजेड पकडतात, तीच या कामाची शोभा. स्वीडनच्या अक्सेल पेटरसन (१८६८–१९२५) यांनी, ज्यांना जग ‘डोडरहुल्टारेन’ म्हणून ओळखतं, अशा मोजक्या रुंद कापांतून अख्खी माणसं उभी केली. पॉलिश पेपर त्या कडा मारतो, शिवाय त्याची बारीक रेती लाकडात अडकते आणि पुढच्या कापाला सुरीची धार खराब करते.

रंग

कोरताना हाताचा मळ आणि पेन्सिलचं शिसं लाकडात बसतं. रंगाआधी भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन झटपट घासा, धुवा, दिवसभर वाळू द्या. नवख्यांना पाण्याची भीती वाटते. इतक्या थोड्या वेळात लाकडाला काही होत नाही.

अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने इतका पातळ करा की खालचे तंतू दिसत राहतील. आधी त्वचा, मग कोट, शेवटी पांढरा. त्वचेचा रंग ओला असतानाच लाल रंगाचा एक ठिपका गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर बोटाने पसरवा. थंडीतून आल्यासारखं दिसतं. दोन रंगांच्या सीमेवर व्ही-पटाशीची रेघ असेल तर रंग तिथेच थांबतो. तरी लाल रंग पांढऱ्या दाढीत उतरला तर वरून पांढरा फासू नका, गुलाबी होईल. पूर्ण वाळू द्या आणि तेवढा पापुद्रा सुरीने तासून टाका. खाली ताजं लाकूड आहे.

डोळ्यात काळा ठिपका टूथपिकने, आणि तो वाळल्यावर त्यात पांढरा बारीकसा. दोन्ही डोळ्यांत हा पांढरा ठिपका एकाच बाजूला हवा, दोन्हीकडे डावीकडे वर किंवा दोन्हीकडे उजवीकडे वर. वेगवेगळ्या बाजूला पडला तर नजर चुकते.

रंग दोन दिवस वाळल्यावर जवसाच्या तेलाचा (‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळायचं नाही) पातळ हात देऊन जादा तेल पुसून घ्या. तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकायची नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर सपाट पसरून पूर्ण कडक होऊ द्या.

मूठ खरं तर रंगवून होईपर्यंत ठेवावी. ओला सांता धरायला तीच सोयीची. तेल वाळलं की बारीक दाताच्या करवतीने ती कापा. सांता डुगडुगत असेल तर त्याला पेपरवर घासायची ही एकच जागा: पॉलिश पेपर टेबलावर सपाट ठेवा, तळाला पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि सांता त्यावर गोल फिरवा. जिथली रेघ पुसली जाते तो भाग उंच होता. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की तळ सपाट झाला. तिथे वर्ष आणि क्रमांक लिहा, त्यावर तेलाचं बोट फिरवा, आणि कापलेली २५ मिमीची मूठ टाकून देऊ नका. पुढच्या सांताचे डोळे कोरायच्या आधी हात बसवायला तो तुकडा फार उपयोगी पडतो.